मेंदूच्या नकाशातले आप्त

एमआरआयमध्ये दिसणारा मेंदू म्हणजे राखाडी छटांचा पसारा. स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस कुठे संपतो आणि त्याला खेटून असलेला अमिग्डाला कुठे सुरू होतो, हे सांगताना मुरलेला रेडिऑलॉजिस्टही क्षणभर थबकतो. यंत्र थबकत नाही. बॉनच्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेली ‘फास्टसर्फर’ ही डीप लर्निंगची प्रणाली अख्ख्या मेंदूचे 95 भाग मिनिटाच्या आत वेगवेगळ्या रंगांत रंगवून मोकळी होते. जुन्या ‘फ्रीसर्फर’ला त्यासाठी कित्येक तास लागत.

ते चित्र पाहणाऱ्याला वाटतं, यंत्राला सीमा दिसली. न्यायदर्शनाच्या परिभाषेत हे प्रत्यक्ष प्रमाण झालं.

पण यंत्र शिकतं कसं, तेही बघायला हवं. 2015 मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठातून ‘यू-नेट’ आलं आणि वैद्यकीय प्रतिमांचे भाग पाडण्याच्या कामाला त्याने नवं वळण दिलं. अशा नेटवर्कला स्कॅन दाखवतात आणि सोबत तज्ज्ञांनी हाताने आखलेला त्याच स्कॅनचा नकाशा. नेटवर्कने काढलेली सीमा त्या नकाशापासून जितकी ढळेल, तितकी त्याची चूक मोजली जाते. मग आतले आकडे थोडे बदलतात आणि पुन्हा तोच खेळ. म्हणजे चूक ठरते ती माणसाने काढलेल्या रेषेशी ताडून. मेंदूशी थेट ताडायला कुणी जातच नाही.

आणि माणसांचं तरी कुठे एकमत होतं? हिप्पोकॅम्पस हाताने आखण्याच्या डझनभर प्रचलित पद्धती अल्झायमरच्या अभ्यासकांनी शेजारी शेजारी ठेवल्या, तेव्हा त्याची शेपटी नेमकी कुठे तोडायची इथपासून मतभेद निघाले. युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी मतदानाच्या फेऱ्या घेऊन 2015 च्या सुमारास एक सामाईक नियमावली ठरवली. मेंदूतल्या गाठी आखण्याच्या ‘ब्रॅट्स’ स्पर्धेत तर एकाच गाठीचे उपभाग आखणाऱ्या तज्ज्ञांच्या रेषा 74 ते 85 टक्केच जुळल्या.

तेव्हा यंत्राच्या ज्ञानाचं मूळ शब्दप्रमाणात आहे: जाणकाराने सांगितलं, ते यंत्राने मानलं. नैयायिकांच्या लेखी यात कमीपणा काहीच नाही. शब्द हे त्यांच्याकडे चौथं, स्वतंत्र प्रमाण आहे. अट एवढीच की सांगणारा आप्त हवा. वात्स्यायनाच्या भाष्यात आप्ताला जातकुळीची अट नाही. ज्याने वस्तू नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, आप्तच.

दिङ्नागाच्या परंपरेतला बौद्ध इथे हरकत घेईल. त्या परंपरेने शब्दाला अनुमानातच बसवलं. यंत्रानेही कधी न पाहिलेला मेंदू रंगवलाच ना? मग हे अनुमानच. हरकत वजनदार आहे, पण अर्धीच लागू पडते. धुरावरून अग्नीचं अनुमान करण्याआधी त्या दोघांची सोबत माणूस स्वयंपाकघरात स्वतः पाहतो. ‘ही छटा म्हणजे हिप्पोकॅम्पस’ ही सोबत यंत्राला आयती सांगितली जाते. ‘सिंथसेग’ नावाची प्रणाली तर खऱ्या स्कॅनऐवजी कृत्रिम प्रतिमांवर शिकते, तरी त्या प्रतिमा बनतात आधीच आखलेल्या नकाशांवरून. अनुमानाच्या तळाशी पुन्हा कुणाचा तरी शब्द आहेच.

हा वाद नुसता ग्रंथातला नाही. अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण चार ते पाच टक्के आक्रसतो, निरोगी वृद्धांत सुमारे दीड टक्का. इतक्या बारीक फरकात रेषा एक मिलिमीटर इकडे-तिकडे झाली, तर निष्कर्ष फिरू शकतो. फक्त प्रत्यक्षच मानणारा चार्वाकाचा अनुयायी अशा उसन्या रेषेवरचा रिपोर्ट सरळ फेटाळेल. नैयायिक तो ठेवून घेईल आणि विचारेल, या यंत्राचे आप्त कोण, आणि त्यांनी पाहिलं कुणाला?

भारतीय रुग्णाच्या बाबतीत हा दुसरा प्रश्न थेट भिडतो. हैदराबादच्या आयआयआयटीने 2019 मध्ये 100 भारतीयांच्या स्कॅनवरून मेंदूचा नकाशा तयार केला, तेव्हा भारतीय मेंदू पाश्चात्त्य नमुन्यांपेक्षा सरासरीने लहान भरला. आता ‘वयाच्या मानाने आकार कमी’ असा शेरा रिपोर्टवर आला, तर तो आकार कोणत्या देशातल्या, कोणत्या वयाच्या माणसांशी आणि कोणत्या नियमावलीने ताडला, हे त्याच पानावर छापलेलं असायला काय हरकत आहे?