अनुग्रह आणि देणे

'एक्स ग्रेशिया' ही लॅटिन पदावली इंग्रजीच्या मार्गाने भारतीय प्रशासनात आली आणि शासकीय मराठीत तिला 'सानुग्रह' हा पर्याय मिळाला. तिचा शब्दशः अर्थ 'कृपेपोटी' असा असला, तरी कायद्याच्या व्यवहारातील अर्थ अधिक सावध आहे : देणाऱ्यावर कोणतेही दायित्व नाही, असे गृहीत धरून दिलेली रक्कम. म्हणजे रक्कम देणे आणि जबाबदारी नाकारणे या दोन क्रिया ही पदावली एकाच वेळी करते. 'सानुग्रह अनुदान' या रूपात नकाराची ही बाजू दिसेनाशी होते. म्हणूनच हा प्रश्न केवळ परिभाषेचा राहत नाही.

'अनुग्रह' हा शब्द मराठीत भक्तिपरंपरेचे संचित घेऊन येतो. बाबाजींनी तुकारामांवर स्वप्नात अनुग्रह केला, असे वारकरी परंपरा मानते. असा अनुग्रह निर्हेतुक असतो. साधकाचा त्यावर हक्क नसतो आणि त्यातच त्याचे मोल असते. तथापि या कल्पनेत एक अट अध्याहृत आहे : अनुग्रह करणाऱ्याने समोरच्याचे काही घेतलेले नसते. ज्याने घेतले त्याने परत करणे, याला मराठीत 'देणे फेडणे' म्हणतात. येथे 'देणे' हे क्रियापद नसून ऋणवाचक नाम आहे.

न्हावा शेवा परिसरात हा अर्थभेद इतिहासाने तपासला गेला. नवी मुंबई आणि बंदर यांसाठी येथील जमिनी संपादित झाल्या. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पोलीस गोळीबाराने पाच जणांचा बळी घेतला. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना १९९० मध्ये आली आणि १९९४ मध्ये तिची व्याप्ती वाढली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार ठरणाऱ्या मोबदल्यापलीकडचे हे भूखंड शासननिर्णयाने मिळाले. रूपाने ते अनुग्रहाच्या जवळचे ठरतात. लोकस्मृतीत मात्र ते रक्त सांडून मिळवलेला हक्क आहेत.

अनुग्रहाची भाषा सर्वत्र त्याज्य आहे, असा याचा अर्थ नव्हे. पूर किंवा भूकंप यांत दायित्व निश्चित होईपर्यंत मदत रोखणे निष्ठुरपणाचे होईल; तेथे 'सानुग्रह' हा शब्द प्रामाणिक असतो. कसोटी लागते ती हानीला कर्ता असतो तेव्हा. खाडीवर जगणाऱ्या कोळ्यापाशी खाडीचा सातबारा नसतो. मालकीचा कागद नसल्याने त्याची हानी हक्काच्या भाषेत मांडणे कठीण होते आणि कृपेची भाषा सोयीची ठरते. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने बंदराच्या विस्ताराने बाधित झालेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांसाठी ९५.१९ कोटी रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. त्या आदेशाचे महत्त्व केवळ रकमेत नाही. 'भरपाई' या शब्दात कोठेतरी खड्डा पडल्याची आणि तो कोणीतरी पाडल्याची कबुली असते. 'सानुग्रह' या शब्दात ती नसते.

दोन्ही शब्दांनी हाती येणारा पैसा कदाचित सारखाच असेल. परंतु एका शब्दाने घेणारा उपकृत ठरतो, तर दुसऱ्याने देणारा ऋणको. प्रशासकीय परिभाषा घडवणाऱ्याने आपण यांपैकी कोणता संबंध प्रस्थापित करीत आहोत, याचे उत्तर देणे लागते.