भिंतीपलीकडे

चीनच्या हनान प्रांतात, ह्वांग हो नदीच्या उत्तरेला, चेनज्यागोउ नावाचं गाव आहे. थायचीची चेन घराण्याची परंपरा या गावची, सतराव्या शतकातल्या चेन वांगथिंगपासून चालत आलेली. शिकायला जगभरातून लोक येतात. असाच एक जर्मन तरुण तिथल्या एका म्हाताऱ्या शीफूंकडे, म्हणजे गुरूंकडे, येऊन राहिला.

शीफू त्याला पहाटे अंगणात उभं करत. गुडघे किंचित वाकलेले, झाडाला कवेत घ्यावं तसे हात छातीसमोर गोल, जीभ टाळूला, लक्ष बेंबीखाली. बस, उभं राहायचं. थोड्याच वेळात मांड्या थरथरू लागत आणि खांदे नकळत कानांकडे चढत. मग शीफू येऊन खांद्यावर दोन बोटं टेकवत आणि एकच शब्द म्हणत, "सोंग."

मराठी कानाला भलताच वाटणारा हा शब्द. पण त्याचा अर्थ सैल सोड. गळून पडायचं नाही, उभ्या उभ्याच आतलं आवळलेपण सोडून द्यायचं. मला वाटतं, या विद्येतला सगळ्यात अवघड शब्द हाच असावा. तरुणाने कोश उघडला, तर आजच्या चिनी लिपीत त्याच अक्षराचा दुसरा अर्थ निघाला चीडवृक्ष. त्याने तोही वहीत टिपला. वही भरत गेली, खांदे मात्र होते तिथेच.

चार महिने तोच शब्द. तरुणाच्या मनात आलं, परक्याला हे लोक खरी विद्या देत नसणार. गावात त्याने यांग लुछानची गोष्ट ऐकली होती. १७९९ साली जन्मलेला, हबेई प्रांतातला हा बाहेरचा माणूस इथल्या चेन छांगशिंग यांच्याकडे शिकला आणि पुढे त्याच्या नावाची शैली जगभर गेली. लोककथा सांगते की तो रात्री भिंतीआडून चोरून पाहायचा. तरुणाच्या मनात घर केलं ते या भिंतीने.

एका रात्री तो शीफूंच्या घरामागच्या भिंतीला लटकला. दिव्याच्या उजेडात दहा वर्षांचा नातू उभा होता. तसेच गुडघे, तसाच हातांचा गोल. आजोबांनी दोन बोटं त्याच्या खांद्यावर टेकवली. "सोंग."

आता पुढचं काही येईल म्हणून तरुण थांबला. नातू झोपायला गेला, दिवा मालवला. मग चांदण्यात शीफू स्वतः उभे राहिले. बराच वेळ काहीच हललं नाही. मग त्यांचा उजवा खांदा जेमतेम बोटभर खाली आला आणि ते स्वतःशीच पुटपुटले, "सोंग."

तरुणाला एकाएकी आपले हात जाणवले. बोटं भिंतीच्या कडेला आवळलेली, दात घट्ट मिटलेले, खांदे कानांना भिडलेले.

सकाळी तो अंगणात आला तेव्हा वही खोलीतच राहिली होती. शीफू झाडत होते. झाडू न थांबवता म्हणाले, "रात्री यायचं असलं तर दारातून येत जा. कडी लावलेली नसते."

तरुणाने मान खाली घातली, गुडघे वाकवले आणि उभा राहिला. हळूहळू मांड्या थरथरू लागल्या. झाडूचा आवाज थांबला. दोन बोटं खांद्यावर टेकली.