घरात सगळे असताना

मूल भाजलं, पडलं, काही गिळलं की घरात पहिला प्रश्न आईला विचारला जातो: ‘लक्ष कुठे होतं तुझं?’ बापाला तो क्वचित विचारतात, आजोबाला तर कधीच नाही. म्हणून मीच स्वतःला विचारून पाहतो आहे.

नातू दोन वर्षांचा. आमच्या देवघरात खडीसाखरेची वाटी आणि कापराची डबी शेजारी शेजारी असतात. आरती झाली की मीच त्याच्या तळहातावर खडीसाखर ठेवतो. देवापुढचा पांढरा खडा गोड असतो, हे त्याला शिकवलं कुणी? मीच. आणि कापूर थोडासा पोटात गेला तरी एवढ्या मुलाला आकडी येऊ शकते. उद्या त्याने ती डबी उघडली, तर चूक सुनेची?

माझ्या मधुमेहाच्या गोळ्यांचंही तेच. पट्टी फोडताना बोटं दुखतात म्हणून मी आठवड्याच्या गोळ्या एकदम काढून डबीत भरतो आणि डबी उशाशी ठेवतो. त्यातल्या एका जातीची एकच गोळी लहान मुलाची साखर जिवावर बेतेल इतकी उतरवू शकते, तीही कधी कधी कित्येक तासांनंतर, सगळे निर्धास्त झाल्यावर. मला सोपं ते झाकण त्यालाही सोपं. अमेरिकेत १९७० साली कायदा करून अनेक औषधांना मुलांना सहज उघडता न येणारी झाकणं सक्तीची केली. आईबापांना उपदेश करत बसण्यापेक्षा झाकण बदललं. आमच्याकडे झाकणं तशीच आहेत आणि उपदेश सुनेला.

पहाटे मला कढत पाणी लागतं. बादलीत रॉड सोडून मी चहाला जातो, बाथरूमचं दार उघडंच. साठ अंशांचं पाणी मोठ्या माणसालाही पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं. मुलाची कातडी तर पातळ. गार पाण्याच्या अर्ध्या बादलीचंही भय आहेच. या वयात डोकं जड असतं, मूल वाकलं की उलटं आत जातं आणि त्याला बाहेर येता येत नाही.

या वेळी घरात सगळे असतात. सून डबे भरते, मुलगा फोनवर, बायको पूजेत, मी पेपरात. प्रत्येकाला वाटतं, दुसरा बघतो आहे. भरल्या घरात मूल सुरक्षित असतं ही आमची समजूत मला आता खरी वाटत नाही. बांगलादेशात लहान मुलं तळ्या-डबक्यांत बुडतात ती बहुतेक सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आई घरकामात असताना. तिथे गावोगाव ‘आंचल’ नावाची पाळणाघरं निघाली आणि एक ते पाच वर्षांची मुलं नेमक्या त्या वेळात दुसऱ्या बाईकडे सोपवली. आईला आणखी डोळे लावायला कुणी सांगितलं नाही. आमच्याकडे तर पाळणाघरही नको. रिकामा माणूस आरामखुर्चीतच बसलेला आहे.

‘आमची मुलं अशीच वाढली’ हे माझं ठेवणीतलं वाक्य. जी वाढली तीच हे सांगायला उरली आहेत. माझा एक चुलतभाऊ वाड्यातल्या हौदात गेला. ‘त्याचं आयुष्यच तेवढं होतं,’ असं घरात म्हणतात. हौदाला झाकण नव्हतं, असं कुणी म्हणत नाही. म्हटलं तर आजोबांचं नाव घ्यावं लागेल. हौद त्यांचा, आणि झाकणाचा खर्च त्यांना वायफळ वाटला होता. दैवावर ढकललं की घरात भांडण होत नाही. काकू मात्र आपण त्या वेळी आत काय करत होतो ते जन्मभर, कुणी न विचारता, सांगत राहिली. आम्ही ऐकून घेत असू. ‘काकू, तुझा दोष नव्हता’ एवढं कुणाच्याही तोंडून निघालं नाही, माझ्याही नाही.

कापूर आता वरच्या फळीवर गेला आहे. आरतीला स्टूल लागतं म्हणून बायको कुरकुरते. गोळ्या कपाटात, कुलपात. रोज किल्ली शोधताना मी चिडतो आणि चिडचिड सुनेच्या कानावर जाईल इतक्या आवाजात करतो. सकाळी नातू माझ्याकडे राहील, हे अजून घरात बोललेलो नाही. बोललं की ते माझं काम होतं, आणि मग पेपर दुपारी शिळा वाचावा लागतो.