पाच दिवसांची भाषा

बालीला जायचं म्हणून रिसोडात बसून मोबाइलवर इंडोनेशियन शिकत होतो. ‘नामा’ म्हणजे नाव, ‘माआफ’ म्हणजे माफ करा, ‘तेरिमा कासिह’ म्हणजे आभार. त्यातल्या ‘कासिह’चा अर्थ माया!

शेजारी बसलेला मित्र फोनवर मायशी गोरमाटीत बोलत होता. बंजारा समाजाचं पोहरादेवी आमच्याच वाशीम जिल्ह्यात. दहा वर्षांची दोस्ती, त्याच्या घरी कितीदा जेवलो. पण त्याच्या बोलीतला एक शब्द मला कळत नव्हता.

बालीत मी चार शब्द बोललो तर कौतुक होईल. तो माझी अख्खी मराठी शिकला, ते मात्र मी गृहीत धरलं. हे सौजन्य की सोय?

आज त्याच्या घरी जातोय. ‘माय, जेवलीस का?’ गोरमाटीत कसं विचारतात, ते शिकायला.