जनी कुणाशी बोलत होती?

परभणी जिल्ह्यातल्या, गोदावरीच्या काठावरच्या गंगाखेडातून तेराव्या शतकात एक लहान मुलगी पंढरपूरला गेली आणि संत नामदेवांचे वडील दामाशेटी शिंपी यांच्या घरी कामाला राहिली. वडील दमा, आई करुंड, दोघंही विठ्ठलाचे भक्त, एवढं परंपरा सांगते. ती गेली तेव्हा तिचं वय काय होतं, तिला कुणी आणि का पाठवलं, याच्या कथा निरनिराळ्या आहेत. पण एका अभंगात आईबाप गेल्याचं ती स्वतःच सांगते आणि आता मला सांभाळणं तुझ्याकडे, असं विठ्ठलाला बजावते. पुढचं आयुष्य झाडलोट, दळणकांडण, धुणं, पाणी, शेणगोवऱ्या यांत गेलं. 1350 साली नामदेवांबरोबरच तिनं देह ठेवला, असं वारकरी मानतात. तिच्या नावावर आज सुमारे साडेतीनशे अभंग आहेत आणि परभणी जिल्ह्यातली बाई जात्यावर बसत होती तोवर त्यातले कितीतरी तिला तोंडपाठ होते.

माणसाचं व्यक्तिमत्त्व कसं घडतं, यावर मानसशास्त्रानं गेल्या सव्वाशे वर्षांत पुष्कळ विचार केला आहे. ते सिद्धांत वाचताना माझ्या मनात दर वेळी ही जनी, संत जनाबाई, येते. सात शतकांपूर्वीच्या बाईच्या मनाचं निदान करणं उद्धटपणाचं होईल. ते मला करायचं नाही. पण एखादा सिद्धांत तिच्यासमोर कितपत टिकतो, हे पाहता येतं. आणि जिथे तो टिकत नाही तिथे व्यक्तिमत्त्वाबद्दल काही नवीन कळतं.

फ्रॉइड यांनी माणसाचा पाया पहिल्या पाच-सहा वर्षांत पडतो असं मानलं. त्यांच्या परंपरेतून आलेले पण वेगळ्या वाटेनं गेलेले जॉन बोल्बी यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर बेघर मुलांचा अभ्यास केला आणि 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेला अहवाल दिला. आई किंवा आईच्या जागी असलेलं एक तरी माणूस सतत जवळ असणं, ही मुलाची अन्नाइतकीच मोठी गरज आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या नात्यातून मूल दोन गोष्टी मनात साठवतं: जग भरवशाचं आहे की नाही, आणि आपण कुणी जीव लावावा असे आहोत की नाही. या हिशेबानं परक्या घरात वाढलेल्या जनीच्या वाट्याला आयुष्यभराचा अविश्वास यायला हवा होता.

बोल्बींचा धागा पुढे नेऊन अमेरिकेतल्या ली कर्कपॅट्रिक यांनी देव आणि माणूस यांच्या नात्याकडे पाहिलं. ज्यांना लहानपणी भरवशाचं माणूस मिळालं नाही ते ती उणीव देवाच्या ठिकाणी भरून काढतात, असा एक विचार त्यांनी मांडला. जनाबाईवर तो अगदी नेमका बसतो, असं पहिल्या वाचनात वाटतं. ती विठ्ठलाला आई म्हणते, त्याच्याकडे हट्ट करते, तो दिसला नाही की कासावीस होते.

पण तिचे अभंग सलग वाचले की हे स्पष्टीकरण अपुरं पडतं. तिचा विठ्ठल नुसता कुशीत घेत नाही, तो कामाला लागतो. तिच्याबरोबर केर काढतो, पाणी आणतो, जात्याचा खुंटा धरतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो. सांभाळणाऱ्याला कुणी राबवून घेत नाही. आणि तो चुकला की जनी त्याला गल्लीतल्या भांडणात बाई देते तशा शिव्या देते, त्याच्या आईबापाचा आणि बायकोचा उद्धार करते. ज्याला आपण टाकले जाऊ अशी भीती आहे तो इतक्या मोकळेपणी रागावत नाही. उणीव भरून काढणं हा शब्द इथे तोकडा आहे. तिनं आधी जे नव्हतंच असं एक नातं उभं केलं, आणि ते बरोबरीचं होतं.

दुसरा एक पंथ माणसाला गुणांनी मोजतो. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1936 साली एका सहकाऱ्याबरोबर इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ अठरा हजार शब्द काढले. पुढे इतरांनी ते गाळत गाळत पाच मुख्य गुणांपर्यंत आणले: अनुभवाबद्दलचा खुलेपणा, काटेकोरपणा, बहिर्मुखता, सौजन्य आणि भावनिक चंचलता. ही मोजणी उपयोगी आहे, तिच्यामागे जगभरचं संशोधन आहे. पण जनीच्या सौजन्याला किती गुण द्यायचे? स्वतःला सर्वांच्या पायाची धूळ म्हणणारी तीच, आणि डोईचा पदर खांद्यावर टाकून भर बाजारातून जाईन, कोण अडवतो पाहू, असं म्हणणारीही तीच. वॉल्टर मिशेल यांनी 1968 साली या पंथाला हाच प्रश्न विचारला होता. माणूस सगळीकडे सारखा वागत नाही. अमुक प्रसंगी अमुक आणि तमुक प्रसंगी तमुक, या वागण्याची जी ठरावीक वीण असते तीच त्याची ओळख, असं उत्तर त्यांनी पुढे दिलं. मला ते पटतं. जनीचे नम्र आणि उद्दाम अभंग समोरासमोर ठेवले तर विसंगती दिसते. ती कुणाला उद्देशून बोलते आहे हे पाहिलं तर दिसत नाही. संतांपुढे ती वाकते, लोकलाजेपुढे ताठ उभी राहते आणि विठ्ठलाशी भांडते.

मला या सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे: जनी सतत कुणाशी तरी बोलत असते. तिच्या अभंगांत स्वगत फार कमी आहे. अरे, तू, ये, ऐक, बघ, अशा हाकांनी तिची रचना भरलेली आहे. रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की 1934 साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी क्षयानं गेले. त्याच वर्षी आलेल्या विचार आणि भाषा यांवरच्या त्यांच्या पुस्तकात या गोष्टीची किल्ली आहे. मूल आधी दुसऱ्याशी बोलतं, मग मोठ्यानं स्वतःशी बोलतं आणि ते बोलणं आत वळलं की त्याचा विचार होतो. म्हणजे आपण ज्याला माझं मन म्हणतो ते सुरुवातीला दोघांचं असतं. ज्या मुलाशी कुणी बोललं नाही आणि ज्याचं कुणी ऐकलं नाही, त्याच्या आत काय वळणार?

डोनाल्ड विनिकॉट हे लंडनचे बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. 1958 सालच्या एका निबंधात ते म्हणतात की एकटं राहता येणं ही प्रौढत्वाची मोठी खूण आहे, आणि ती क्षमता मूल आईच्या सोबतीत शिकतं. आई खोलीत आहे, आपल्या कामात आहे, मूल आपल्या खेळात आहे. कुणी कुणाकडे मागत नाही, तरी दोघं एकत्र आहेत. हे वाचलं की मला पहाटेचं दळण आठवतं. घर निजलेलं, अंधार, जात्याची घरघर, आणि राबणारी बाई एकटी नाही. खुंट्याला दुसरा हात आहे. तो हात खरा की मानलेला, हा वाद भाविकाला पडत नाही, आणि मानसशास्त्रानंही तो सोडवण्याची गरज नाही. त्या सोबतीत जनीच्या आत काय तयार झालं हे तिच्या अभंगांत उघड दिसतं.

जात्यावर बसणारी प्रत्येक बाई हे थोडंफार करत आली. ओवी ही बहुधा हाक असते: आईला, भावाला, सईला, पंढरीच्या विठोबाला, जात्याला सुद्धा. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रभर फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत परभणी जिल्ह्यातल्या बायकांच्याही आहेत. सासरी ज्यांना तोंड उघडायची मुभा नव्हती त्यांनी दळताना आपली सगळी कैफियत मांडली. घरच्यांना ती ऐकू येत होती, पण ओवी होती म्हणून चालत होतं. बोलण्याची ही एक जागा नसती तर त्या बायकांच्या स्वभावांचं काय झालं असतं, हा प्रश्न व्यक्तिमत्त्वाच्या पाठ्यपुस्तकात मला अजून दिसलेला नाही.

स्वतंत्र, आईबापांपासून सुटलेला, आपल्या पायांवर उभा असलेला माणूस हे पाश्चात्त्य सिद्धांतांचं प्रौढत्वाचं चित्र. सुधीर कक्कर यांनी 1978 सालच्या भारतीय बालपणावरच्या पुस्तकात आणि ॲलन रोलंड यांनी पुढे दहा वर्षांनी ते भारतीय घराला जसंच्या तसं लागू होत नाही हे दाखवलं. आपल्याकडचा मी हा घरातल्या माणसांत पसरलेला असतो. नामदेवांच्या घरातली माणसं एकेक करून मोजणारा एक अभंग जनीच्या नावावर आहे. गोणाई, राजाई, नारा, विठा, गोंदा, म्हादा, त्यांच्या बायका, लेक, बहीण, अशी गणती करत ती शेवटी दासी म्हणून स्वतःला त्यात घालते. रक्ताचं नातं नाही, जात वेगळी, मोबदला दोन वेळचं जेवण. तरी मोजणारी तीच आहे, आणि आपल्याला वगळायचं नाही हे तिनं ठरवलेलं आहे.

एरिक एरिकसन 1902 साली फ्रँकफुर्टला जन्मले. जन्मदाता पिता कोण हे त्यांना कधी कळलं नाही. सावत्र वडिलांचं आडनाव लावून वाढलेल्या या माणसानं 1939 साली अमेरिकेचं नागरिकत्व घेताना एरिकसन हे आडनाव स्वतःच धारण केलं आणि 1950 साली आयुष्याच्या आठ टप्प्यांचा सिद्धांत मांडला. मी कोण, या प्रश्नाला त्यांनी तारुण्याच्या केंद्रस्थानी ठेवलं. जनीनं या प्रश्नाचं उत्तर म्हणून तिच्यावर लादलेलीच ओळख उचलली. नामयाची दासी ही तिची जगातली पायरी होती. तिनं ती अभंगाच्या शेवटी सही म्हणून लावली. मला हे तिचं सगळ्यात धाडसी कृत्य वाटतं. बाईच्या जन्माबद्दल खिन्न होऊ नये, असं जेव्हा ती सांगते तेव्हा ते समजुतीचं बोलणं नसतं; ती जागा तिनं आतून जिंकलेली असते.

मॅस्लो यांची 1943 सालची गरजांची उतरंड इथे फार बोलत नाही. अन्न, सुरक्षितता, आपलेपणा, मान, आणि मग आत्मविकास, हा क्रम काही माणसांच्या बाबतीत उलटतो हे त्यांनी त्याच लेखात मान्य केलं होतं. तेव्हा तो मुद्दा जनीच्या नावानं त्यांच्यावर फेकण्यात अर्थ नाही.

साडेतीनशेतला प्रत्येक अभंग तिचाच असेल असं नाही. तोंडोतोंडी आलेल्या परंपरेत इतरांची रचनाही तिच्या नावानं मिसळलेली असू शकते, हे अभ्यासक सांगतात. त्यामुळे माझं म्हणणं ढासळत नाही. डॅन मॅक्ॲडम्स यांच्या मते गुण आणि हेतू यांच्याही पलीकडे व्यक्तिमत्त्वाचा एक थर असतो: माणूस आपल्या आयुष्याची जी गोष्ट स्वतःला आणि इतरांना सांगतो तो. जनीची गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या बायकांना आपलीशी वाटली. तिच्या नावाच्या आड उभं राहून कुणी आपलं दुःख बोललं असेल तर तिनं त्यांना बोलायला जागाच दिली. परंपरा सांगते की जनीचे अभंग लिहून घ्यायला विठ्ठल बसत असे. लिहिण्या-वाचण्याची दारं जिच्यासाठी बंद होती तिचं बोलणं टिपून ठेवण्याइतकं मोलाचं आहे, असं ज्या समाजानं कथेतून का होईना मान्य केलं, त्यानं व्यक्तिमत्त्वाबद्दलचं एक खोल सत्य ओळखलं होतं.

आज गंगाखेडात गोदाकाठी तिचं मंदिर आहे. त्याच तालुक्यातली कुटुंबं दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. काही मुलं आईबापांबरोबर फडावरच्या कोपीत जातात, काही आजीजवळ मागे राहतात, काही हंगामी वसतिगृहांत. त्यांच्या जेवणाचा, हजेरीचा, पुस्तकांचा हिशेब ठेवला जातो, आणि तो ठेवलाच पाहिजे. पण चार-पाच महिने आईपासून लांब असलेल्या आठ वर्षांच्या मुलीचं बोलणं कुणी ऐकलं, याची नोंद कुठल्याही रजिस्टरात नसते. शिक्षक, वसतिगृहाच्या ताई, गावातल्या शिकलेल्या पोरी, यांच्यातल्या कुणीतरी रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसावं. शिकवू नये, चुका काढू नयेत. ती सांगेल ते ऐकावं, आणि तिला हवं असेल तर लिहून घ्यावं.