छोट्या सुट्टीचा लाडू

एका लहान गावात एक आजी आणि तिची नात राहत होती. नातीची आई आरोग्य केंद्रात परिचारिका होती आणि सकाळी सहाच्या एसटीनं कामाला जायची. त्यामुळे नातीची वेणी आणि नातीचा डबा ही दोन्ही कामं आजीकडे होती.

शाळेला दोन सुट्ट्या असत. मोठ्या सुट्टीत पोळी-भाजी आणि छोट्या सुट्टीत खाऊ. खाऊच्या डब्यात रोज दाण्याचा लाडू असे. आजीचा हात त्यावर बसलेला होता. ती रात्रीच दाणे भाजून ठेवी. मंद आचेवर हलवत राहायचं, सालीवर काळे ठिपके दिसू लागले की कढई उतरवायची. दाणे गार झाले की सुपात घेऊन तळव्यानं चोळायचे आणि अंगणात जाऊन पाखडायचे. सकाळी दोन वाट्या दाण्यांना एक वाटी चिरलेला गूळ. मिक्सर एकदम फिरवायचा नाही, थांबत थांबत फिरवायचा. जरा वेळानं कूट भांड्याच्या कडेला चिकटू लागतं, त्याला तेल सुटतं. तिथं थांबलं की तुपाच्या थेंबाशिवाय लाडू वळता येतो. पुढे फिरवलं तर लगदा होतो.

आजीचा लाडू चांगला मूठभर असे. एके दिवशी नात म्हणाली, "आजी, लाडू लहान कर ना. दोन बोटांत मावेल एवढा."

"का गं? जात नाही का?"

"आम्ही रिंगण करून बसतो. मोठा लाडू फोडला की त्याचा भुगा होतो. शेवटच्याला भुगाच मिळतो."

आजीनं त्या दिवसापासून लहान लाडू वळायला घेतले. रिंगणात सात जण होते, म्हणून सात लाडू. डबा रोज पुसून ठेवल्यासारखा रिकामा येई.

दिवाळीच्या सुट्टीनंतर नातीनं आठ लाडू मागितले. वर्गात नवी मुलगी आली होती. तिच्या वडिलांची बदली झाली होती. आजीनं आठ लाडू दिले. संध्याकाळी डब्यात एक लाडू परत आला. दुसऱ्या दिवशीही एक आला. तिसऱ्या दिवशीही.

"हा कोणाचा राहतो?" आजीनं विचारलं.

"तिचा. ती घेतच नाही. नको म्हणते आणि आपला डबा उघडते."

"लाजत असेल. तू देत जा."

नात देत राहिली. ती मुलगी नको म्हणत राहिली. मग एक दिवस बाईंनी सगळ्या वर्गाला सांगितलं, की या मुलीला दाणे चालत नाहीत. पोटात गेले तर अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, श्वास अडकतो. तिला कोणी आपल्या डब्यातलं काही देऊ नका. बाईंनी सांगितलं ते मुलीच्या भल्याचंच होतं. पण मुलं घाबरली. दुसऱ्या दिवशी रिंगण बसलं तेव्हा कोणीतरी म्हणालं, "तू तिकडे बस, आमच्या डब्यात दाणे आहेत." ती उठली आणि खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली. नंतर ती रोज तिथंच बसू लागली.

नातीनं हे घरी सांगितलं. आजी म्हणाली, "एवढंच ना? मी तिच्यापुरता एक लाडू दाण्याशिवाय करते. डाळ्याचा करते." नातीला बरं वाटलं.

पण परक्याच्या लेकराला खाऊ द्यायचा तर आधी सांगावं, म्हणून आजी संध्याकाळी त्यांच्या घरी गेली. मुलीच्या आईनं पाणी दिलं, बसायला दिलं. आजीचं बोलणं तिनं पुरतं ऐकून घेतलं.

"आजी, तुम्ही मायेनं म्हणताय," ती म्हणाली. "पण तुमचा मिक्सर तोच ना? दाण्यांचा?"

आजी गप्प बसली.

मग त्या आईनं सांगितलं. एका चतुर्थीला नात्यातल्या घरी साबुदाण्याची खिचडी होती. घरच्यांनी मुलीसाठी वरवरचं कूट काढून वाटीभर खिचडी वेगळी केली होती. चार घास गेले असतील नसतील, मुलीचा आवाज बसला. रात्र दवाखान्यात गेली. "तेव्हापासून मी बाहेरचं काही देत नाही. पुड्यातला खाऊ असेल तर पाठीमागचं वाचता येतं, त्यात शेंगदाणा असला तर लिहिलेलं असतं. घरच्या खाऊवर कोण लिहिणार? कोशिंबिरीत कूट, वांग्यात कूट, आमटीत कूट. फोडणी कुठल्या तेलाची, तेही विचारावं लागतं. मी विचारते, तर लोकांना वाटतं मी त्यांच्या घराला नावं ठेवते."

"डाळं चालतं का तिला?" आजीनं विचारलं.

"ते अजून दिलं नाही. तीळही दिला नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नवं काही देत नाही."

"मग काय चालतं?"

"गहू, नाचणी, राजगिरा. गूळ, तूप, खजूर."

घरी आल्यावर आजीनं मिक्सरचं भांडं काढलं. सकाळीच ते घासून पालथं घातलेलं होतं. तिनं झाकणाची रबरी कडी सोडवली आणि खालच्या खाचेतून नख फिरवलं. नखात कूट आलं. आजी बराच वेळ त्या नखाकडे बघत राहिली. मग तिनं भांडं पुन्हा धुतलं आणि नातीला सांगितलं, "उद्या तिच्यासाठी लाडू नाही."

नातीचं तोंड उतरलं.

"आपल्या घरात नाही करायचा," आजी म्हणाली. "तिच्या घरात करायचा. आणि तिच्या एकटीसाठी नाही करायचा. सगळ्यांना तोच."

रविवारी सकाळी आजी धुतलेलं लुगडं नेसली, हात कोपरापर्यंत साबणानं धुतले आणि नातीला घेऊन निघाली. बरोबर पिशवी नव्हती, डबा नव्हता. दुसऱ्याच्या घरी रिकाम्या हातानं जायचं आजीला कधी जमलं नव्हतं, पण त्या दिवशी ती तशीच गेली.

"तुझी कढई, तुझं पीठ, तुझं तूप," ती मुलीच्या आईला म्हणाली. "माझे फक्त हात."

दोन वाट्या नाचणीचं पीठ, अर्ध्या वाटीहून थोडं जास्त तूप. तूप पातळ करून आजीनं त्यात पीठ घातलं आणि गॅस बारीक केला. नाचणी मुळातच तांबूस काळसर, त्यामुळे रंगावरून ती भाजलेली कळत नाही. आजी रंगाकडे बघतच नव्हती. उलथनं हलवताना पीठ आधी जड लागतं, मग हलकं होतं, आणि कच्चा वास जाऊन खमंग वास सुटतो. तेव्हा तिनं कढई उतरवली. मुलीची आई गूळ घालायला पुढे झाली, तर आजीनं तिचा हात धरला. "थांब. कढत पिठात गूळ घातला की तो वितळतो आणि लाडू कडक होतो. बोट सोसेल एवढं होऊ दे." मग एक वाटी किसलेला गूळ, जराशी वेलची. दोघी मुली लाडू वळायला बसल्या. एकीचे चपटे झाले, दुसरीचे तडकले. आजीनं कुठलेच मोडून पुन्हा वळले नाहीत.

सोमवारी आजी स्वतः शाळेत गेली. तिनं बाईंना सगळं सांगितलं. बाईंच्या कपाटात मुलीचं औषध आणि तिच्या आईचा फोन नंबर होताच. बाई म्हणाल्या, "छोट्या सुट्टीत रिंगणाचा खाऊ एकाच घरातून येणार असेल, तर माझी हरकत नाही. पण आधी सगळ्यांनी नळावर हात धुवायचे, साबणानं. मोठ्या सुट्टीच्या डब्यातलं कोणी कोणाला द्यायचं नाही."

त्या दिवशी छोट्या सुट्टीत डबा त्या मुलीनंच उघडला. तिनं रिंगणात फिरून सगळ्यांना लाडू वाटले आणि शेवटचा स्वतः घेतला.

एक मुलगा म्हणाला, "मला दाण्याचाच आवडतो."

"तो घरी खा," नात म्हणाली. त्यानं लाडू तोंडात टाकला आणि दुसरा मागितला. दुसरा नव्हता.

पुढच्या रविवारची गोष्ट आजीनं ठरवली नव्हती, ती आपोआप घडली. रिंगणातल्या एका मुलाची आई त्या घरी आली आणि म्हणाली, "या आठवड्याचं मी करते. काय आणू?" मुलीची आई म्हणाली, "काही आणू नका. तुम्ही या, तेवढं पुरे." पण रोजचा गूळ आणि तूप एकाच घराचं खर्ची पडायला नको, म्हणून बायांनी ठरवलं की ज्याचा रविवार त्यानं दुकानातून न उघडलेली पिशवी आणायची आणि ती त्या घरीच फोडायची.

ती बाई राजगिऱ्यात तरबेज होती. तिनं गुळाचा पाक केला, पाण्यात थेंब टाकून बघितला, थेंबाची गोळी झाली तशा लाह्या घातल्या. राजगिऱ्याला फुरसत नसते. पाक गार होण्याआधी, ओल्या तळव्यानं, भराभर वळावं लागतं. त्या दिवशी तिथं चार बाया होत्या आणि चौघींचे हात लाल झाले होते. नंतर कोणी खजूर तुपावर परतून त्याच्या वड्या केल्या, कोणी कणीक भाजून तिचे लाडू केले, कोणी शंकरपाळे तळले. शंकरपाळे आठ दिवसांचे होते, ते तीन दिवसांत संपले. मग उरलेले दिवस मुलीच्या आईनं पोळीला गूळ-तूप लावून सुरळी केली आणि तिचे तुकडे डब्यात दिले. पोरांनी तेही तितक्याच आनंदानं खाल्लं. मुलांना काय आवडेल याचा घोर आपण फार लावून घेतो. चार जणांत बसून खाल्लेली गूळ-तूप-पोळी कुठल्याही पक्वान्नाला मागे टाकते.

एका घरचे आजोबा कुरकुरले होते. "एका पोरीसाठी सात घरांनी दाणे सोडायचे का?"

आजीनं त्यांना सांगितलं, "सोडले कोणी? माझ्या घरी आजही दाण्याचा लाडू आहे, येऊन खाऊन जा. छोटी सुट्टी पंधरा मिनिटांची असते. तेवढी पंधरा मिनिटं सगळ्यांनी एक खाल्लं तर काय बिघडलं?"

आजोबा काही बोलले नाहीत. त्यांच्या घरचा रविवार आला तेव्हा सुनेबरोबर तेही आले आणि गूळ चिरून देत बसले.

वर्ष संपलं. मुलीचा दाण्यांचा त्रास काही गेला नाही. तो लाडवांनी जाणारा नव्हता. खिडकीजवळच्या बाकावर मात्र छोट्या सुट्टीत कोणी बसेनासं झालं.

एकटीसाठी वेगळा लाडू करणं सोपं होतं, आणि त्यातही मायाच होती. पण त्या मुलीच्या ताटात आयुष्यभर वेगळंच वाढलं जात होतं. तिला आणखी एक वेगळा लाडू मिळाला असता, तरी ती बाकावरच राहिली असती. आजीनं तिचा लाडू बदलला नाही, सगळ्यांचा बदलला. आणि तो तिच्या आईच्या कढईत केला, म्हणून त्या आईला पहिल्यांदा हो म्हणता आलं.

आपल्या मुलांच्या वर्गातही असं एखादं मूल असेल. कोणाला दाणे सोसत नसतील, कोणाला दूध, कोणाला गहू. त्याला खाऊ देण्याआधी त्याच्या आईला विचारा. ती नको म्हणाली तर "एका घासानं काही होत नाही" असं म्हणू नका. काय चालतं ते विचारा, आणि जमलं तर पुढच्या रविवारी तिच्या घरी जा.