‘पूर्ववत्’ म्हणजे कोणत्या वर्षासारखें?

बिघडलेलें पूर्ववत् करावें, हें वचन नीतीच्या दृष्टीनें इतकें निर्दोष वाटतें कीं, त्यांतील ‘पूर्व’ म्हणजे नेमकें कधींचें, हें विचारण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. ओडिशांतील चिल्का सरोवराचा इतिहास पाहूं लागलें म्हणजे मात्र हा प्रश्न टाळतां येत नाहीं.

१९१३-१४ सालीं कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे नेल्सन अ‍ॅनंडेल व स्टॅन्ली केम्प यांनीं ह्या सरोवरांतील प्राणिसृष्टीची पद्धतशीर पाहणी केली. १९१६ सालीं झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही संस्था निघाली व अ‍ॅनंडेल तिचे पहिले संचालक झाले. पुढें सुमारें सत्तर वर्षांनीं, १९८५ ते १९८७ च्या दरम्यान, त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं सरोवराची फेरपाहणी केली.

पूर्वसूरींच्या नोंदी हातीं धरून तेंच पाणी पुन्हा तपासावें, यांत आम्हांस विद्येचें एक शील दिसतें. एखाद्या क्षुद्र शिंपल्याची जागा आणि ऋतु जो काळजीपूर्वक टिपून ठेवतो, तो ज्याचें तोंडहि आपणांस कधीं दिसावयाचें नाहीं अशा वाचकाशीं प्रामाणिक राहत असतो. पितृऋण आपल्या परिचयाचें आहे; हें न जन्मलेल्यांचें ऋण म्हणावें लागेल. (१९१७ सालीं वर्णन केलेल्या एका पायविरहित सरड्याला अ‍ॅनंडेल यांनीं चिल्कांतील बरकुडा बेटाचेंच नांव दिलें!)

परंतु जुनी नोंद ही साक्ष आहे. तिला आदर्शाच्या आसनावर बसविलें कीं घोटाळा सुरू होतो. चिल्कांत पावसाळ्यांत महानदीच्या शाखांचें गोडें पाणी भरतें, उन्हाळ्यांत समुद्राचें खारें पाणी चढतें. विस्तार उन्हाळ्यांत सुमारें ९०० तर पावसाळ्यांत साडेअकराशें चौरस किलोमीटर. समुद्रमुखहि वाळूबरोबर सरकणारें. मग १९१४ चें सरोवर तेवढें खरें, हें कोणी ठरविलें?

पुढें मुख गाळानें अडत गेलें. खारेपणा घटला, गोड्या पाण्यांतील तण माजलें, मासळी रोडावली. १९८१ सालीं रामसरच्या यादींत मानानें गेलेलें हें सरोवर १९९३ मध्यें संकटग्रस्त पाणथळींच्या मॉन्ट्रो नोंदवहींत गेलें. सप्टेंबर २००० मध्यें वाळूचा पट्टा कापून नवें मुख उघडण्यांत आलें. १९९९-२००० सालीं सुमारें १,७०० टन असलेली मासळी दोन वर्षांत १२ हजार टनांच्या जवळ गेली, आणि २००२ मध्यें मॉन्ट्रो नोंदवहींतून नांव निघालें.

हें मुख मनुष्यानें कापलेलें आहे, म्हणून हा पुनरुद्धार खोटा, असें म्हणणारा कोणी शुद्धतावादी भेटल्यास आम्ही त्याच्या बाजूस जाणार नाहीं. खाऱ्या-गोड्याची देवघेव पुन्हा सुरू झाली. जपावयाचें होतें तें हेंच. जुन्या चित्राची हुबेहुब नक्कल करण्याचें बंधन आमच्यावर कोणीं घातलेलें नाहीं.

एक अडचण मात्र राहतेच. पूर्वजांच्या मागोमाग जाणारा त्यांनीं जें विचारलें नाहीं तेंहि सोडून देण्याचा संभव असतो. सरोवराकांठच्या कोळंबीशेतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९९६ सालीं न्यायालयानें कांठापासून १,००० मीटरांच्या आंत ती करण्यास मनाई केली. कोणाच्या जाळ्याला कोठें जागा, हा प्रश्न प्राण्यांच्या यादींत, ती कितीहि काटेकोरपणें पुन्हा तपासली तरी, सांपडावयाचा नाहीं. त्यासाठीं कोळ्यांच्या दारींच जावें लागतें.